एकदाही गेला नाही

मस्तानचाचाकडं एक फ्यूज एकशे ऐंशीला.
फोनवर सहाचं पाकीट दोनशे दहाला, घरपोच.
हिशेब काही अवघड नव्हता.
गंगाखेडात गिरणी चालवते मी,
पायलीमागं किती पीठ उडतं
तेही मला तोंडपाठ आहे.

शिवाय चाचाचे फ्यूज जायचे.
ऐन सणात, डब्यांची रांग पार नालीपर्यंत,
आणि मधलाच फेज गप्प.
त्या पांढऱ्या चिनीमातीच्या नळीला
मी नको नको ते बोलायची.
मेलेले फ्यूज गल्ल्यापाशी ठेवायची,
उधारीच्या चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून.

नवे आले. चकचकीत टोप्या, बारीक इंग्रजी अक्षरं.
हाताला जरा हलके लागले,
पण हलकं ते वाईटच, असं थोडंच असतंय.
तीन मी बसवले.
तीन समोरच्या अनुसयाला दिले, तिच्या मिरचीकांडपाला.
पैसे घेतले नाहीत, शेजार आहे.

आठ महिने एकदाही गेले नाहीत.
फोनवर पाचही चांदण्या पिवळ्या केल्या मी
आणि खाली लिहिलं: लै टिकाऊ.

परवा दुपारी दोनच फेज आले.
जातं अडलं, मोटर नुसती घुमायला लागली
अडलेल्या म्हशीसारखी.
आधी वास आला, वार्निशचा.
मग पिठात धूर का धुरात पीठ, कळेना,
आणि तोडकरांची म्हातारी डबा कवटाळून
विचारायली, माझं झालं का गं?
बोर्डातल्या वायरी मेणागत ओघळायल्या होत्या.
फ्यूज तिन्ही शाबूत.
दाराची आडकाठी घेतली अन् मेन स्विच खाली पाडला.
मग म्हातारीला सांगितलं, उद्या ये.

चाचांनी करवत लावली.
आधी नव्याला. आत पोकळी,
आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड तार.
"फ्यूज नाही बेटा हा. टोप्या घातलेला खिळा हाय."
मग गल्ल्यापाशचा एक मेलेला मागितला.
कापला तशी बारीक पांढरी वाळू
त्यांच्या बोटांवर सांडली, आणि मधोमध
काचेचा एक वेडावाकडा खडा.
"जाळ इथंच गिळला त्यानं," म्हणाले,
आणि खडा माझ्या तळहातावर ठेवला.

वाळू.
आमच्या गंगेतून ती रात्री ट्रॅक्टरनं जाते,
सकाळी पात्रात नुसते खड्डे.
करंगळीएवढ्या नळीतूनसुद्धा कुणी उपसत असेल
हे डोक्यात आलं नव्हतं.

ज्याला शिव्या दिल्या
त्याला निदान जाता येत होतं.

मोटर परभणीला गेली, भरायला.
साडेअकरा हजार, आणि दहा दिवस
पट्टा खुंटीला.
चांदण्या पुसायला बसले काल रात्री,
चार झाल्या, मग तीन,
"लै टिकाऊ" काही पुसता येईना.
खोटं कुठं होतं ते.

आणि तेव्हा रस्त्यापलीकडून
ठक ठक ठक
अनुसयाचं कांडप ऐकू आलं.
धावतच गेले. पायात चप्पल नाही,
डोळ्यांत मिरचीची धूळ.
ती हसली, पदरानं घाम पुसत म्हणाली,
"तुझे फ्यूज लै गुणाचे निघाले बाई.
एकदाही—"

मी तिच्या भिंतीवर स्विच चाचपत होते.