एकशे चार

टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन
खानापूरचा सर्वेअर गेला
सातेरीच्या दुकानाकडं.
शाळेच्या फाटकापासनं एकसष्ट मीटर.
शंभर पाहिजेत.

पंचायतीत त्या दिवशी भाषेचं भांडण नव्हतं.
अर्ज तिकडंही अर्जीच,
परवानगीला दोन्हीकडं परवानगीच.
लगमव्वा एकटी म्हणाली, ब्याड.
मग मराठीतनंही : नको.
पीडीओनं लिहिलं, चर्चा झाली.

पुढच्या सोमवारी गवंडी आला.
फाटक काढून भिंत घातली,
मागं चिंचेच्या अंगाला नवं फाटक.
ठरावात कारण : मुलांची सुरक्षितता.

परत टेप. परत मीच टोक धरलं.
एकशे चार.
जरा सैल सोड की,
असं म्हणायची पाळीसुद्धा आली नाही कुणावर.

आता मी घंटा दिली की
पोरं मागनं बाहेर पडतात,
पाणंदीनं वळसा घालून
त्याच रस्त्याला लागतात,
सातेरीच्या फळीसमोरनं.
लगमव्वाची नात मोठ्यानं पावलं मोजत जाते,
येताना मराठीत, जाताना कन्नडात.

काल थांबली.
मामा, भिंतीतनं गेलं तर किती?

जुन्या फाटकाची एक बिजागरी
गवंड्यानं तशीच ठेवलीय भिंतीत.
तिला तेल घालावं का,
बघत बसलोय.