मोड

नवापूर डेपोत एकतीस वर्षं
मी एकच वाक्य बोलत आलो: सुट्टे द्या, मोड नाहीये.
विसरवाडी, चिंचपाडा, खांडबारा.
नाण्यांचा हिरवट वास बोटांना असायचा
तो रविवारी शास्त्र उघडतानाही यायचा.

आता ओट्यावरच्या चपला मोजतो.
सवय जात नाही.
आज सतरा जोड, आणि एक लहान, एकटी.
नोहाची दुसरी कुत्र्यानं नेली.

चर्चात माझ्या बापाच्या नावाचा बाक आहे,
चौथ्या रांगेत, शिसवी,
कै. थावऱ्या फत्तू गावीत यांच्या स्मरणार्थ.
त्यावर बसून मी पाच पाळक ऐकले.
कंपाउंडची भिंत, मिशनच्या जमिनीचा उतारा,
प्रार्थनेत कोर्टाची तारीख.
एक दिवस उठलो. रागानं नाही.
स्टॉप आला की माणूस उठतो, तसा.

पहिल्या रविवारी या खोलीत आम्ही नऊ जण,
मध्ये ज्वारीची भाकर, फडक्याखाली वाफाळती,
आणि लोट्यात अंबाडीच्या बोंडांचं लाल पाणी.
प्रश्न असा आला, की मोडायची कोणी?
आद्य मंडळी घरोघरी मोडायची, हे सगळ्यांना पाठ.
कुणाच्या हातानं, ते कुणाला आठवेना.
थोमास माझ्याकडे बघतो, मी थोमासकडे.
दीक्षा एकाचीही झालेली नाही.
तेव्हा वंतीबाई, जिला अक्षर येत नाही,
चुलीपाशीच बसून म्हणाली,
दळली मी, थापली मी, भाजली मी,
आता मोडायला काय साहेब बोलावता?
आणि पुढची प्रार्थना तिनं मावचीत केली.
चाळीस वर्षं मी देवाशी शुद्ध मराठीत बोललो होतो,
अर्ज लिहावा तसा.
त्या दिवशी कळलं, त्याला घरचंही समजतं.

नाही, सगळं गोड नाही.
रिबकाची सासू येते ती सुनेवर नजर ठेवायला.
सुरेख गाणारा जोनाथन सुरतेला गेला, ऊसतोडीला,
तेव्हापासून आमचं गाणं खालीच बसतं.
आणि गेल्या महिन्यात थोमासनं फाइल आणली:
ट्रस्ट, अध्यक्ष, खजिनदार, शिक्का.
मी म्हटलं, पहिल्या लोकांकडे शिक्का होता का?
तो म्हणाला, त्यांना धरून नेलं तेव्हा
त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं, दादा.
उद्या दारात कोणी येऊन विचारलं,
इथे काय चालतं, तुम्ही कोण,
तर काय दाखवशील, भाकर?

फाइल अजून कपाटावर आहे.
मीही ती खाली काढली नाही,
आणि परतही दिली नाही.

घंटा अजून माझा भाऊच वाजवतो, योसेफ.
रंगावलीवरून आवाज येतो, जरा ओला होऊन.
आमच्याकडे घड्याळं आहेत, मोबाइल आहेत,
तरी आम्ही त्याच घंटेवर सुरू करतो.
हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

आज दुपारी तो अंगणात उभा.
आत आम्ही जेवत होतो, तुरीची डाळ, कळण्याची भाकर,
जे उरलं ते कोणाच्या घरी न्यायचं याची कुजबुज.
तो ओट्याच्या खालून म्हणाला,
पाचशेची मोड आहे का?
दानपेटीतून मोठीच निघाली, दूधवाला थांबलाय.
दूधवाला कुठेच दिसत नव्हता.
मी खिसे चाचपले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा
माझ्याजवळ एक नाणं नव्हतं.
हातात अर्धी भाकर होती,
तिचा तुकडा मोडला, पुढे केला.

त्यानं नोट दुमडून वरच्या खिशात घातली.
उभ्यानंच खाल्ली, सावकाश, रस्त्याकडे बघत.
सतरा जोड, एक एकटी,
आणि अंगणात एक माणूस,
चपला न काढता.