उणे

फिजिओवाली पोरगी म्हणाली,
मॅडम, आता गोळ्या बास. लटका.
कशाला?
घरात दार असेल ना एखादं.

नऊ महिने माझा उजवा हात
फळ्याच्या निम्म्यावर येऊन थांबायचा.
वरची जागा सहावी ‘ब’मधल्या
भोजराज कावळेकडे गेली.
तारीख, वार, सुविचार,
सगळं त्याच्या अक्षरात.

एप्रिलची सकाळची शाळा सुटल्यावर
बर्डीला गेले, लांजेवारांच्या दुकानात.
तीन तऱ्हेचे दांडे होते:
भिंतीला भोकं पाडून कसायचा,
चौकटीत पिळून बसवायचा,
आणि एक, जो चौकटीच्या डोक्यावर
नुसता हात टेकून राहतो.
“पिळायचा नका घेऊ. कूलरच्या दमटात
सरकते तो. मागच्या उन्हाळ्यात
एक वकीलसाहेब आपटले नं बाप्पा.”
मग चष्म्यावरून पाहत,
“पोरासाठी पायजे?”
म्हटलं, नाही.
“मंग वजन किती?”
दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी.
मी बोटं दाखवली. आधी सहा, मग आठ.
“अन् चौकट भिंतीच्या बाहेर
किती आली आहे?”

एकोणीस वर्षं त्या घरात राहून
मला उत्तर येत नव्हतं.

घरी येऊन शाळेची पट्टी घेतली.
बाथरूमचं दार फायबरचं, ते बाद.
झोपायच्या खोलीची चौकट सिमेंटची,
भिंतीत गिळलेली.
उरलं स्वयंपाकघर:
जुनं सागवान, वर दीड बोट कंगोरा.
हे म्हणाले, “तोरण काढा लागन.”
काढू.
“दार लागनार नाही मंग.”
शेवटचं कधी लावलं होतं आपण?
हे बराच वेळ आठवत राहिले.
“मांजर व्याली होती तेव्हा.
तेव्हाही पुरतं नव्हतंच लागलं.”

दांडा वर्तमानपत्रात गुंडाळून आणला,
तरी पोळत होता, तव्यासारखा.
आधी हेच लटकले.
सागवान कुरकुरलं. उतरून म्हणाले, “चालते,”
आणि पुन्हा कधी हात लावला नाही.

माझे पहिल्या दिवशी चार सेकंद.
घामाने बोटं निसटायची,
कूलरच्या वाळ्याचा वास नाकात,
ओढणी खुर्चीवर.
खांद्यात काहीतरी
जुन्या कुलपासारखं कचकचत फिरायचं.
समोर गॅसवर दूध,
त्याला साय धरेपर्यंत लटकायचं,
असा मी माझ्यापुरता नियम केला.

जूनमध्ये पोरगी म्हणाली,
वर ओढून घेणं नाही जमत ना?
मग स्टुलावरून हनुवटी दांड्याच्या वर न्या,
पाय सोडा, आणि खाली या.
जितकं हळू, तितकं चांगलं.
याला निगेटिव्ह म्हणतात.

सव्वीस वर्षं मी उणे शिकवतेय.
शून्याच्या डावीकडे चला, पोरांनो,
घाबरू नका.
स्टूल सोडलं तेव्हा घाबरले.

पण तिथे, हनुवटी वर असताना,
चौकटीचं डोकं दिसलं.
धूळ, एक वाळकी मधमाशी,
आणि सुताराच्या पेन्सिलीने लिहिलेलं:
किचन. ३ सूत कमी. डोमा.

म्हणजे त्याला माहीत होतं.
म्हणूनच हे दार कधी नीट लागलं नाही,
घरमालकाला आम्ही उगाच बोललो,
पावसाला बोललो,
आणि हा माणूस सगळं लिहून गेला,
जिथे कोणी बघणार नाही तिथे.
पुसावंसं वाटलं नाही.
यांनाही सांगितलं नाही.

आता रोज उतरताना वाचते.
पहिले काही दिवस ‘किचन’पाशीच
चौकट वर निघून जायची.
मग तीन सूतपर्यंत पोचले. मग डोमापर्यंत.

भोजराज सातवीत गेला.
नव्या सहावी ‘ब’मध्ये उंच कोणी नाही.
फळ्याची वरची वीतभर जागा
सोमवारपासून कोरी आहे.
पोरं माझ्याकडे बघतात.

काल सगळी ओळ दोनदा वाचून खाली आले.
दूध उतू गेलं.