पुढच्या डब्यात

खिडकीतल्या बाबूने चष्म्यावरून पाहिलं,
"अकेला जाएगा? ग्यारह का?"
मग मागे कुणाला तरी विचारून आला.
मनाई अशी कुठे लिहिलेली नाही म्हणाला,
पण बर्थ हवा तर भाडं पूर्ण.
मी पूर्ण भाडं मोजलं.
आडवं व्हायला जागा लागली
की अकरा वर्षांचं पोरही पूर्ण माणूस धरतात.

एप्रिलात ऑडिट.
नमकीनच्या कारखान्यात तेव्हा रजा मागणं
म्हणजे उकळत्या कढईत हात घालणं.
आणि तिकडे बडोद्याला विभाने
कूलर धुऊन ठेवलेला, मावसभाऊ दिवस मोजत बसलेले.

आदल्या रात्री डबा भरता भरता
सुचेल तसं सांगत गेले.
चपला उशाशी घे, खाली ठेवू नकोस.
रतलामला चहावाले ओरडतील, उतरायचं नाही.
कुणी खायला दिलं तर पोट भरलंय म्हण,
नुसतं नको म्हटलं की लोक आग्रह करतात.
नाव टीसीला सांग, पोलीसबाईंना सांग,
शेजारच्या काकांना नाही, कितीही चांगले असले तरी.
दाहोद गेलं की तोंड धुऊन बस.
माझा नंबर म्हणून दाखव.
त्याने म्हटला, शेवटचे दोन आकडे गिळले.
पुन्हा म्हणायला लावला.

आणि कुणी विचारलंच, बरोबर कोण आहे,
तर सांगायचं,
बाबा पुढच्या डब्यात आहेत.

त्याच्या हातात एक मोजा होता.
मला वाटलं, आता म्हणेल, खोटं बोलायचं?
तो म्हणाला, "म्हणजे एस-पाच.
बर्थ नंबर विचारला तर?"
सतरा, मी म्हटलं.
खालचा, खिडकीजवळचा.
ज्या माणसाचा चष्मा तीन वर्षं कपाटात आहे
त्याला मी पोळीवर तूप लावता लावता
कन्फर्म जागा देऊन टाकली.

इंदूरच्या फलाटावर त्याने मला चढू दिलं नाही.
खिडकीच्या गजांतून बोटं बाहेर काढली,
गाडी हलल्यावर आत घेतली.
ती रात्र मी घड्याळात काढली.
आता उज्जैन. आता नागदा.
आता झोपला असेल, आता पांघरूण घसरलं असेल.
पहाटे पहाटे माझ्या मनात आलं,
आहे ना पुढच्या डब्यात कुणीतरी,
आणि मग दिवा लावून
पाणी प्यायले.

सकाळी विभाचा फोन.
"पोहोचला गं. पण उतरल्यावर हलेचना.
बॅग पाठीला, आणि पुढच्या डब्याच्या दाराशी उभा,
शेवटचा माणूस उतरेपर्यंत.
विचारलं कोण होतं, तर म्हणाला,
कुणी नाही, असंच."

त्याला फोन दे म्हटलं.
रात्री कुणी काही विचारलं का रे?
"एका आजोबांनी. मी सांगितलं, एस-पाच, सतरा.
मग म्हणाले, बोलाव की त्यांना,
इथे जागा आहे."
मग?
"मी म्हटलं, झोपलेत."
आणि लगेच, "आई, इथे कूलर जबरदस्त आहे."

त्या दिवशी माझी बेरीज तीनदा चुकली.
बोटांना लवंगेचा वास, रकान्यात कुणाचा तरी आकडा.
मालक काही बोलले नाहीत.

वीस दिवसांनी परतीची गाडी.
विभाने चढवून दिलं, मेसेज केला,
पुन्हा एस-चारच मिळालाय.
मी तासभर आधी जाऊन उभी.
हमाल म्हणाला, "बहनजी, कौन सा डिब्बा?"
मी सांगितलं, त्याने बोट दाखवलं.
तिथेच उभी होते. अगदी तिथेच.

गाडी थांबली, माणसं उतरली,
ट्रंका, कडेवरची मुलं, एक उशी.
मी प्रत्येक चेहरा पाहत होते
आणि मागून कुणीतरी माझा पदर ओढला.
उन्हाने रापलेला, दोन बोटं उंच झालेला.
"इकडे काय बघतेस?" तो म्हणाला,
"हा एस-पाच आहे."