असाइनमेंट दोन

विषय : नेतृत्वातील एक अपयश. शब्दमर्यादा चारशे.
मुदत रविवार, रात्री बारा.

साडेनऊ झालेत. वाऱ्यानं शेवटची फेरी रद्द केलीय
आणि राऊटरचा हिरवा दिवा
पेंगणाऱ्या पोरासारखा
मध्येच डोळा मिटून घेतोय.

केटलिन, तू मला फक्त पडद्यावर पाहिलंयस,
म्हणून सांगते :
मी इंगा मॅन्सन, वय त्रेपन्न,
शेटलंडच्या या बेटावर एकोणतीस वर्षं शिक्षिका,
त्यातली अकरा उपमुख्याध्यापिका.
तपासलेल्या वह्यांची चळत लावली तर
दीपगृह ठेंगणं पडेल, असं नवरा म्हणतो.
तो मेंढ्या मोजतो, त्याला अतिशयोक्ती परवडते.

पहिल्या असाइनमेंटला तू बावन्न दिलेस.
समासात टीप : "या विधानाला आधार काय?"
तू माझ्या धाकटीच्या वयाची.
दोन दिवस मी फुगून होते.
तिसऱ्या दिवशी भांडी घासताना आठवलं,
हेच वाक्य लाल शाईत
मी अर्ध्या बेटाला लिहिलंय.

तर, पहिला मसुदा :
"बदल राबवताना भागधारकांचा विरोध झाला..."
भागधारक म्हणजे एर्ती, गणिताचा,
खडूत मुरलेला माणूस.
त्यानं विरोध केला नाही.
त्याला कुणी विचारलंच नव्हतं.
खोडलं.

मग सगळं जुन्या मुख्याध्यापकांवर घातलं :
नियोजनाविना खरेदी, प्रशिक्षण शून्य.
छान जमत होतं. निवृत्त माणसाच्या खांद्यावर
काहीही ठेवता येतं, तो वळून बघत नाही.
तेही खोडलं.

बुधवारच्या तासाला गाबोरोनेचा गाओलाथे म्हणाला,
आमच्याकडे टॅबलेट नाहीत,
पण ते कोंडायला कपाटही नाही.
सगळे हसले. मी माइक बंद केला.

कपाट भूगोलाच्या खोलीत आहे, नकाशांच्या मागे.
आत बत्तीस टॅबलेट होते, खोक्यांसकट,
काचेवरची पातळ झिल्लीही न सोललेली.
किल्ली माझ्या जुडग्यात, तीन वर्षं,
गाडीच्या आणि नावेच्या किल्लीमध्ये.
कुणी मागितली की मी म्हणायचे : बघते.
मला भीती होती ती एवढीच
की मुलांची बोटं माझ्यापुढे धावतील
आणि भर वर्गात मी उभी असेन
उत्तर ठाऊक नसलेली.

त्याच हिवाळ्यात ओस्ला, वय तेरा,
पलीकडच्या छोट्या बेटावर अडकली.
आई आजारी, घरात दुसरं कुणी नाही. सात आठवडे.
आम्ही तिचा गृहपाठ प्लास्टिकच्या पिशवीत घालून
बोटीनं पाठवायचो.
परत यायचा तेव्हा अपूर्णांक ओले,
अंश छेदात उतरलेला.
मी ते कागद हीटरवर वाळत घातले.
हीटरपासून कपाट पंधरा पावलं. आज मोजली.

ओस्ला आता त्याच बोटीवर काम करते.
नारिंगी जाकीट घालून हातानं खुणावते,
पुढे या, आणखी पुढे, बस,
आणि मी गाडी तिच्या बोटांबरहुकूम लावते.
तिनं कधी काही विचारलं नाही.
तिला काही विचारायचं आहे
हे तिला माहीत असेल असंही वाटत नाही.

यातून मी काय शिकले, असा शेवटचा रकाना आहे.
तो रिकामा ठेवतेय, गुण काप.

कपाट उघडलं. बत्तीसपैकी एकोणीस चार्जच होत नाहीत.
उरलेले तेरा एर्तीच्या टेबलावर ठेवले.
तो म्हणाला, बस, मला दाखव.
मी म्हटलं, मलाही येत नाही.
तेव्हा त्यानं माझ्यासाठी खुर्ची ओढली.

अपलोड सत्तर टक्क्यांवर अडकलंय.
तू आधार विचारशील, म्हणून छायाचित्र जोडलंय :
किल्ली, पितळी, स्वयंपाकघराच्या टेबलावर.
शेजारी पट्टी ठेवलीय, मापासाठी.
साडेपाच सेंटिमीटर.