अजून : बुधवारचा तास

सड्यावरच्या माझ्या खोलीत
बुधवारी नि शनिवारी साडेपाचला
रुओलान येते. बूट दाराबाहेर जोडून ठेवते.
केसांत बंदरातली कोळशाची कणी.
क्रेन दुरुस्तीला चीनहून आलेल्या चौघांत ती एकटीच बाई,
आणि इंग्रजीची हौसही तिला एकटीलाच.

आजचा धडा : स्टिल आणि यट.
सोपं आहे, मी म्हटलं. मुळीच सोपं नव्हतं.
तिच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द :
हाय.
सूर खालून वर जाणारा,
दार वाजलं की आपण "कोण?" म्हणतो तसा.
आहे अजून, तरी हाय. आला नाही अजून, तरी हाय.
अजून एक दे, तिथंही हायच.
मला हसू आलं. बये, आमच्यात हाय म्हणजे उसासा,
आणि घाटावरच्यांचं हाय म्हणजे आहे.
तिनं दोन्ही अर्थ वहीत उतरवून घेतले
तिच्या त्या आडव्या-उभ्या काड्यांत.

मग आम्ही दोघी टेबलाच्या एका बाजूला,
आणि पलीकडे इंग्रजी,
एका उंड्याचे दोन तुकडे करून बसलेली.

उदाहरणं मी घरातलीच घेतली.
पोदेर आला नाही : यट.
भोंपू वाजेल, पाच मिनिटं इकडे तिकडे.
वीज गेली. पहिली दहा मिनिटं यट,
मेणबत्ती शोधताना यट,
फ्रिजमधल्या बांगड्यांना वास सुटला
की स्टिल.
यटमध्ये वाट बघणं असतं, मी म्हटलं,
स्टिलमध्ये वाट बघून कावणं.
आमची क्रेन? तिनं विचारलं.
तुमची क्रेन स्टिल.
तारीख दोनदा उलटली ना.

घरी दिली होती पाच वाक्यं.
तिचं तिसरं : माय मदर यट लिव्ह्ज.
लाल पेन उचललं आणि तसंच धरून बसले.
साध्या होकारी वाक्यात यट घालत नाहीत, एवढंच सांगायचं होतं.
पण वाचताना वाटत होतं
म्हातारी कुणाकडून तरी मुदत मागून जगतेय.
खोडलं. वर लिहिलं, स्टिल.
ती बघत राहिली.
स्टिल म्हणजे कावलेलं ना?
आईवर मी नाही कावलेली.
पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं,
हे कुणी विचारलं नव्हतं.
नाही गं, म्हटलं, इथं स्टिल म्हणजे नशीब.
तिनं तेही लिहून घेतलं.

सरावासाठी शेवटचं वाक्य माझं होतं :
उल्हास घरी आलेला नाही, यट.
किती वर्षं?
तारवावर गेला तेव्हा समोर ही इमारत नव्हती,
खिडकीतून थेट धक्का दिसायचा.
सहा, म्हटलं.
तिनं माझं लाल पेन मागून घेतलं, दोन्ही हातांनी.
यटवर बारीक रेघ मारली,
शब्द आधी कुठं टाकायचा तेही नीट आठवून
वर लिहिलं, स्टिल.
बरोबर होतं. माझ्याच नियमानं.
शाब्बास, म्हटलं.
आणि ती बूट घालायला वाकली तेव्हा रबर शोधला.
लाल शाई रबरानं जात नाही,
कागद तेवढा पातळ होतो.

खाली भोंपू वाजला.
जिन्यावरून तिचा आवाज, मी शिकवलेलं मराठी :
"अजून दोन", सूर खालून वर.
पोदेरला वाटलं, विचारतेय.
"हय, हय, आसात," तो म्हणाला.
ती थबकली, पाव हातात,
आणि वर माझ्या खिडकीकडे बघू लागली.