पावणेपाच

रोज पावणेपाचला तोच नंबर.
एकशे बारा, काय मदत हवी?
पलीकडे वारा, झावळ्या,
कातीची खर्र खर्र,
आणि कुणीतरी उंचावर खोकतं.

शेवटी मीच उलट फोन केला.
बेताळभाटीचा कायतान, रेंदेर.
“बाय, कमरेला सुरेचा भोपळा,
त्याच्यामागं फोन.
चढताना खोडाला घासतो.
कुलूप घातलंय, तरी बोलतो मेला.”

म्हटलं, सेटिंगमध्ये जा,
पाचदा बटण दाबलं की लागतो,
तेवढं बंद कर.
नाही जमलं तर नातीला सांग.
“सांगतो.”

आता पावणेपाचला
चिखलीहून साप येतो,
म्हापशाहून भांडण.
माड येत नाही.

नातीला जमलं असणार.
आजकालच्या पोरींना जमतं.

नंबर अजून लिहिलेला आहे,
टेबलाच्या काचेखाली.